पिवळ्या फ्रॉकची नोंद

१२ फेब्रुवारी २०२४

बाबांचा खण आज रिकामा केला. चाळीस दिवस झाल्याशिवाय गेलेल्या माणसाच्या वस्तूंना हात लावू नये, असं तिया पुरिंगचं, माझ्या आत्याचं, म्हणणं. आज तेहतिसावा. पण आरोग्य केंद्राला सुट्टी होती आणि रिकामे हात मला सहन होत नाहीत.

तीन बंद घड्याळं, एकाच काचेचा चष्मा, नारळाच्या बागेच्या पावत्या. तळाशी कोर्टाची नोटीस, कोपरा फाटलेली. 'सालोमे पानिसालेस विरुद्ध रुफिनो पानिसालेस, १९८९.'

सालोमे म्हणजे माझी आई.

तियाला दाखवली. ती भोपळा चिरत होती. "जमिनीचं काहीतरी असेल. टाक चुलीत."

"आपल्याकडे गॅस आहे, तिया."

"मग फाडून टाक."

जमिनीचं असेल तर आईचं नाव कशाला? तिच्याकडे फुलाची कुंडीसुद्धा नव्हती. आईबद्दल मला या घरात एवढंच सांगितलंय: मी सहा वर्षांची असताना ती खाडीपलीकडे बाकोलोदला माहेरी गेली आणि मागं वळून पाहिलं नाही. पत्र नाही, फोन नाही, माणूस पाठवणं नाही. २००९ मध्ये ती वारली. एका लग्नात तिच्या मावसबहिणीनं येऊन सांगितलं, तेव्हा मी म्हणाले होते, जिनं मला कधी मागितलं नाही तिच्या थडग्यावर मी मेणबत्ती कशाला लावू? छाती पुढं काढून म्हणाले होते. लोकांनीही माना डोलावल्या होत्या.

नोटीस उशीखाली ठेवली आहे. चाळिशी ओलांडलेली बाई, आठशेच्या वर बाळंतपणं केलेली सुईण, आणि उशीखाली कागद ठेवून झोपते. मला एवढंच कळलं पाहिजे. तिनं मला मागितलं होतं का?


२६ फेब्रुवारी

पोलीस ठाण्यात गेले होते. आत शिरताच काचेत लावलेला कागद दिसतो: सरकारी कागदपत्रांची माहिती मागण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, पंधरा कामाच्या दिवसांत उत्तर मिळेल. इतकी वर्षं त्या काचेत बघून मी फक्त केस सारखे केले.

टेबलावर जेनालिन होती. तिच्या जुळ्यांना मीच या जगात आणलंय, त्यामुळे ती मला मनांग, म्हणजे ताई, म्हणते आणि मला बघून अजूनही पोटावर हात ठेवते.

"मनांग दिविना! काय, चोरी झाली का?"

"झाली. पस्तीस वर्षांपूर्वी. एकोणनव्वद-नव्वदच्या ठाण्याच्या डायऱ्या बघायच्यात."

"अगं बाई. त्या पोत्यात आहेत. कोठडीमागं." मग तिनं आवाज अधिकाऱ्याचा केला. "अर्ज लिहून द्यावा लागेल. ओळखपत्र लागेल. आणि हा रकाना भरायला लागेल."

रकाना 'कारण' नावाचा. पेन तोंडात धरून मी पाच मिनिटं बसले. शेवटी लिहिलं, 'वैयक्तिक.'

"सगळे हेच लिहितात," जेनालिन म्हणाली. "परवा एकानं शेजाऱ्याच्या कोंबड्याची नोंद मागितली, तीपण वैयक्तिक."


१५ मार्च

कामाच्या चौदाव्या दिवशी निरोप आला. पोत्यातल्या दोन डायऱ्या वाळवीनं खाल्ल्या, माझ्या दोन वाचल्या. जेनालिननं पानांत केळीच्या वाळक्या पानाच्या खुणा घालून ठेवल्या होत्या. जसं होतं तसं उतरवून घेतलं:

'१४ ऑक्टोबर १९८९, सकाळी ९.४०. सालोमे पानिसालेस, वय २७, हिने कळवले की नवरा व नणंद मुलीस भेटू देत नाहीत. उभयतांस समज दिली.'

'२ डिसेंबर १९८९, दुपारी १. सदर बाई पुन्हा आली. मुलीस शाळेच्या फाटकातून तरी पाहू द्यावे अशी विनंती. कोर्टात अर्ज केल्याचे सांगते. कोर्टाच्या निकालाची वाट पाहण्यास सांगितले.'

'१८ ऑगस्ट १९९०, दुपारी ३.१५. सदर बाई आली. सोबत पुडके: पिवळा फ्रॉक एक, पांढरा पट्टा एक, रिबिनी दोन. मुलीस उद्या वाढदिवसाकरिता. हवालदार सोबत गेला. नणंदेने पुडके घेतले. बाई फाटकाबाहेर थांबली व नंतर निघून गेली. तक्रार नाही.'

तिनं मागितलं होतं. माझी आई आली होती!

मी बाकावर बसून मोठ्यानं रडले. ठाण्यात रडणारी माणसं रोज येतात म्हणून कुणी फारसं बघितलं नाही. जेनालिननं थंड कोक आणि बिस्किटं आणून दिली आणि पंखा माझ्याकडे वळवला.

तो फ्रॉक बाबांनी इलोइलोहून आणला असं मला सांगितलं होतं. भिंतीवरच्या फोटोत तोच आहे. माझा सातवा वाढदिवस. सातवा आमच्याकडे थाटातच करतात, पण माझ्यासारखा गावात कुणाचा झाला नाही. अख्खं डुक्कर भाजलेलं, गोड स्पॅगेटी, फुगे. बाबांना मी तेवढं हसताना पुन्हा कधी पाहिलं नाही. बाबांचे वकील, आमचे वकीलकाका, खास शहरातून आले होते, त्यांनी कुरकुरीत कातडी तीनदा वाढून घेतली आणि माझ्या गालाला तुपकट हात लावून म्हणाले, "झाली एकदाची सात वर्षांची!" फाटकाबाहेर ती आदल्या दिवशी उभी होती. मी तेव्हा घरात फुगे फुगवत असणार.

मला तो फ्रॉक इतका आवडायचा की त्याच आठवड्यात शाळेच्या पाठांतर स्पर्धेलाही मी तोच घातला. ती स्पर्धा आठवते. तियानं मला स्वयंपाकघरात स्टुलावर उभं करून पंधरा दिवस घोकून घेतलं होतं. एक शब्द चुकला की डावानं टेबलावर टक्. "समोरच्या चष्मेवाल्यांकडेच बघायचं. इकडेतिकडे बघितलंस की विसरशील." मोठी खोली, मोठं टेबल, कोपऱ्यात झेंडा. काय म्हटलं ते आठवत नाही, पण एकही चूक केली नाही. फक्त टाळ्या नीट वाजल्या नाहीत. मागून कुणीतरी एकट्यानंच वाजवल्या. मला फार राग आला होता. नंतर आइस्क्रीम मिळालं.


१७ मार्च

तियाला विचारलं, फ्रॉक आईनं दिला होता हे मला का सांगितलं नाही?

"तू विचारलंस कधी?"

"मी सात वर्षांची होते."

"सात वर्षांच्या पोरी काय काय विचारतात." तिनं मला माशाचं डोकं वाढलं. या घरात माशाचं डोकं नेहमी तिचं असतं.


११ एप्रिल

आज रजा घेऊन प्रांताच्या कोर्टात. रेकॉर्ड रूमचे कारकून मनोंग पिद्यो. डिसेंबरात निवृत्त होणार, म्हणून भिंतीवर कॅलेंडर लावून रोज एक फुली मारतात.

आमच्या गावात सगळ्यांची आडनावं 'प'नं सुरू होतात. स्पॅनिश लोकांनी आडनावं वाटली तेव्हा आमच्या वाट्याला यादीतलं तेवढंच पान आलं. पानिसालेस, पालोमार, पारेन्यो, पेन्याफ्लोर. अक्षरावरून फाइल लावायची पद्धत आमच्यापुढं हात टेकते.

दोन तासांनी मनोंग पिद्योंनी गठ्ठा आणला. मी घाईघाईनं उघडला. पानिसालेस विरुद्ध पानिसालेस, एक रेडा, दोन मालक.

"हा नाही, मनोंग."

"रेड्याचा निकाल फार छान लागलाय, वाचून बघा." मग माझा अर्ज हातात घेऊन ते गंभीर झाले. "हे मुलाच्या ताब्याचं प्रकरण दिसतंय. ठाण्याच्या डायरीसारखं कुणालाही दाखवता येत नाही. पक्षकारालाच. तुम्ही पक्षकार आहात का?"

"मी पक्षकार नाही. ज्यासाठी भांडले तो रेडा मी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, माझा जन्मदाखला पाहिला, आणि न्यायाधीशांची परवानगी घ्यायला स्वतः आत गेले. परवानगी मिळाली. फाइल शोधायला दोन आठवडे.


२४ एप्रिल

फाइल बारीक आहे. पंधरा-सोळा पानं. आईच्या अर्जावर तिची सही. मी तिचं अक्षर पहिल्यांदा पाहिलं. 'स'ला मोठी शेपटी. बोटानं त्यावरून दोनदा गेले, तेव्हा मनोंग पिद्यो दुसरीकडे बघत राहिले.

अर्जात लिहिलंय की सात वर्षांखालचं मूल आईपासून तोडू नये असा कायदा आहे, म्हणून मुलगी मला द्यावी. पुढं तारखा, सगळ्या गुरुवारच्या:

१८ जानेवारी १९९०: प्रतिवादीचे वकील पोटदुखीने गैरहजर. पुढील तारीख.
८ मार्च: प्रतिवादी गावी नाही. पुढील तारीख.
२६ एप्रिल: वकील आजारी.
१४ जून: वकील आजारी.
१९ जुलै: वकिलांच्या घरी आजारपण.
२३ ऑगस्ट: सुनावणी.

बिचाऱ्या वकीलकाकांची तब्येत त्या वर्षी फारच खराब असणार. वाढदिवसाला तर चांगले जेवले होते.

शेवटच्या पानावर निकाल. तो वाचून माझं डोकं फिरलं. 'सात वर्षे पूर्ण झालेल्या अल्पवयीन मुलीस समक्ष विचारले असता तिने वडिलांजवळ राहण्याची इच्छा स्पष्ट व निर्भीड शब्दांत सांगितली. अर्ज फेटाळण्यात येत आहे.' खाली: 'अपील नाही.'

"हे खोटं आहे," मी म्हणाले. "मी कोर्टात कधी पाऊल टाकलेलं नाही."

"लहान होतात. विसरला असाल."

"मनोंग, मी बालवाडीतली गाणी विसरलेली नाही. कोर्ट विसरेन?"

ते तारखांवर बोट ठेवत खाली आले, मग बोटांवर काहीतरी मोजलं. "तुमचा वाढदिवस कधी?"

"एकोणीस ऑगस्ट."

"हं," ते म्हणाले, आणि चष्मा काढून शर्टाला पुसत बसले. बराच वेळ पुसला. एवढी काय धूळ होती कोण जाणे.

बसमध्ये सगळं लक्षात आलं. मारिलू! बाबांच्या चुलतभावाची मुलगी, माझ्याच वयाची, माझ्याच रंगाची. त्यांनी तिला माझ्या नावानं उभं केलं. माझ्या आईला वाटलं की मी नाही म्हणाले. म्हणूनच नव्वदच्या ऑगस्टनंतर ठाण्याच्या डायरीत तिचं नाव पुन्हा नाही. ती मेली तरी तिला वाटत असणार की मी नाही म्हणाले.

मी नाही म्हणालेच नाही, आई. मला कुणी विचारलंच नाही.


२८ एप्रिल

मारिलूला दुबईत फोन केला. म्हणाली, "कोर्ट? मला तर वर्गात 'हजर' म्हणतानाही रडू यायचं. निर्भीड शब्दांत बोलणारी मी?" हसत सुटली. पैसे देऊन तोंड बंद केलं असेल असं म्हणावं, तर सात वर्षांच्या पोरीला काय दिलं असेल?

मी फोनवर काय विचारलं ते तियानं ऐकलं होतं. जेवणातून उठून गेली आणि ताटावर जाळी झाकायला विसरली. तियाकडून जाळी कधी राहून जात नाही.


२१ मे

त्या दिवशी खोलीत कोण काय बोललं ते लिहून घेतलेलं आहे. मनोंग पिद्योंना वही सापडली. पण ती लघुलिपीत. अपील झालं नाही म्हणून कुणी ती सरळ अक्षरात उतरवायला सांगितली नाही. चौतीस वर्षं तशीच पडून.

मला दाखवली. आकडे, वाटोळी, पाय मोडलेल्या मुंग्या. यात कुठंतरी माझ्या आईचा आवाज आहे, आणि मला 'आ' सुद्धा ओळखता येत नाही. निरक्षर बायका माझ्याकडून औषधाची चिठ्ठी वाचून घेतात तेव्हा मी त्यांना किती घाई करते! आता करणार नाही.

हल्लीच्या लघुलेखिकेनं पानं उलटून मान हलवली. "प्रत्येकीची आपली वळणं असतात, मनांग. माझी आमटी तुम्हाला चव घेऊन करता येईल का? जिनं लिहिलंय तिलाच बोलवा."

पहिल्या पानावर सही: हे. पारेन्यो.


८ जून

'प'चं गाव एकदाचं उपयोगी पडलं. पारेन्यो म्हणजे आमचीच कुणीतरी. तीन अंगणं फिरल्यावर पत्ता लागला: हेर्मिनिया पारेन्यो, लग्न करून शेजारच्या गावी, चर्चमागं केळीच्या पानात बांधलेला गोड चिकट भात विकते.

बाई साठीच्या पुढची, हात झपाझप पानं वळतायत. मी काम सांगितलं.

"नाही बाई. नोकरी सोडून एवढी वर्षं झाली. माझंच लिहिलेलं मला आता लागणार नाही."

"एकच तास या, मनांग हेर्मी. मला सिद्ध करायचंय की ती मुलगी मी नव्हते."

तिनं हात थांबवला. "कुठली मुलगी?"

"पानिसालेस. ताब्याचं प्रकरण. नव्वदचा ऑगस्ट."

माझ्याकडे पाहत राहिली. कपाळ, हनुवटी, परत डोळे. "पिवळा फ्रॉक," ती म्हणाली. "पांढरा पट्टा."

म्हणजे माझ्या आईनं दिलेला फ्रॉकही त्यांनी मारिलूच्या अंगावर चढवला होता!

मी तसं बोलून दाखवलं. मनांग हेर्मीनं दोन पुडकी माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाली, "येते मी. माझी ती पहिलीच नोकरी होती. ते पान मला लागेल."


११ जुलै

आज गुरुवार होता. योगायोगच.

नीट लिहायचं ठरवून बसले आहे.

मनोंग पिद्योंनी दार लावलं, पंखा बंद केला, पानं उडू नयेत म्हणून. मनांग हेर्मीनं वही डोळ्यांपासून लांब धरली, जवळ आणली, मग बोट ठेवून वाचायला लागली. सुरुवातीला अडखळत. नंतर तिचा आवाजच बदलला, त्या वेळच्या वेगानं धावायला लागला. सरळ अक्षरात उतरवलेली प्रत मला मिळाली आहे, त्यातून इथं घेते.

न्यायाधीश: नाव काय बाळ तुझं?

मुलगी: दिविना पानिसालेस, वय वर्षे सात, इयत्ता पहिली, साम्पागिता तुकडी.

साम्पागिता तुकडीत मी होते. मारिलू गुलाब तुकडीत. हे मला तेव्हाच खटकलं, पण मी मनात म्हटलं, शिकवलं असेल.

न्यायाधीश: तुला कुणाजवळ राहायला आवडेल? घाबरू नकोस.

मुलगी: मला माझ्या बाबांजवळ राहायचं आहे. माझं घर इथे आहे...

इथं मनांग हेर्मीला ओळ लागेना. तिनं बोट मागं नेलं. आणि पुढचं माझ्या तोंडातून आलं. आपोआप, उंच आवाजात, स्टुलावर उभं राहिल्यासारखं. "माझी शाळा इथे आहे, आणि मला इथे काही कमी नाही. धन्यवाद. शुभ दुपार."

मनांग हेर्मीनं वहीकडे बघून मान हलवली. तेच होतं. शब्दाला शब्द.

मोठी खोली, मोठं टेबल, कोपऱ्यात झेंडा. चष्मेवाले.

खुर्चीत मी कशी बसून राहिले मला ठाऊक नाही. मनोंग पिद्यो म्हणाले, "थांबूया का?" मी म्हणाले, नको, पुढं वाचा. पुढचं असं आहे:

(मुलगी वाकते. उभी राहते.)

न्यायाधीश: छान. जा आता बाहेर.

(मुलगी उभीच.)

न्यायाधीश: झालं बाळ. जा.

(मुलगी उभीच. मागे बसलेली अर्जदार टाळ्या वाजवते.)

प्रतिवादीचे वकील: साहेब, हरकत आहे.

न्यायाधीश: बाई, हे काय? हे नोंदीत नको.

अर्जदार: माफ करा साहेब. टाळ्या वाजल्याशिवाय ती जागची हलत नाही. घरीपण तसंच असायचं. कुणीच वाजवेना, म्हणून वाजवल्या.

(मुलगी बाजूच्या दाराने बाहेर जाते.)

न्यायाधीश: तुम्हाला काही सांगायचं आहे?

अर्जदार: नाही साहेब. फ्रॉक बरोबर बसला. वर्षभर माप नव्हतं, अंदाजानं शिवला होता.

मनांग हेर्मीनं वही मिटली. "साहेब 'नोंदीत नको' म्हणाले की हात थांबवायचा असतो," ती म्हणाली. "मी नवीन होते. थांबला नाही."


१२ जुलै

कामावर गेले नाही. काल रात्रभर हेच डोक्यात: मी वळून पाहिलं असतं तर? एकदाच? इतक्या जवळ होती. मला तिच्या अंगाचा वास आला असता.

वकीलकाकांची पोटदुखी कसली होती तेही आता कळलं. भाजलेलं डुक्कर, फुगे, बाबांचं हसू. सगळं गाव माझ्या आईच्या हरण्याचं जेवण जेवून गेलं, आणि केक मी कापला.


१४ जुलै

तियापुढं प्रत ठेवली. तिला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून वाचून दाखवली. टाळ्यांपाशी ती म्हणाली, "मी दाराबाहेर होते. ऐकल्या. मला वाटलं जजसाहेबांनीच वाजवल्या. मला केवढा अभिमान वाटला होता तुझा."

"तिया!"

"खरं ते सांगते. एक शब्द चुकली नाहीस."

"फ्रॉक तरी दुसरा घालायचास मला."

"तू ऐकेनास. तोच पाहिजे म्हणून जमिनीवर लोळलीस." मग बराच वेळ ती टेबलक्लॉथवरची एक सुरकुती सरळ करत राहिली. "तू गेली असतीस तर या घरात मी आणि रुफिनो. दोन खुर्च्या. मला कोण होतं, दिविना? तिला दुसरं मूल होऊ शकलं असतं. ती सत्तावीसची होती."

"झालं नाही तिला दुसरं."

"नाही झालं?"

"नाही."

तिया उठून न्हाणीघरात गेली आणि नळ मोठा सोडला.

मला राग आहे. मरेपर्यंत राहील असं वाटतं. आणि संध्याकाळी तिच्या पायांना सूज होती म्हणून मी तेल लावून चोळत बसले. पाय तिचे, हात माझे. या दोन गोष्टी एका अंगात कशा मावतात मला माहीत नाही.


३१ ऑक्टोबर

उद्या गेलेल्यांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायचा सण, म्हणून तियानं आज सकाळीच मेणबत्त्यांचं पुडकं टेबलावर ठेवलं. चार मोठ्या. आमच्या माणसांच्या थडग्यांना आम्ही लहान लावतो.

"या कुणाला?"

"बोट सातची आहे," ती म्हणाली. "छत्री ने."


१ नोव्हेंबर

बाकोलोद. आईची मावसबहीण मला आत सोडून आपल्या माणसांकडे गेली. दफनभूमी माणसांनी फुललेली. थडग्यांवर चटया, भाताची पातेली, पत्त्यांचे डाव, कुणाचा रेडिओ. आई भिंतीत एकावर एक रचलेल्या थडग्यांच्या तिसऱ्या ओळीत आहे, माझ्या डोक्याच्या उंचीवर. दगडावर 'सालोमे पानिसालेस'. आडनाव शेवटपर्यंत आमचंच ठेवलं होतं.

चारही मेणबत्त्या लावल्या. बोलायचं खूप ठरवून आले होते, बोटीत तर अख्खं भाषण तयार होतं. तोंडातून निघालं ते एवढंच:

"दिविना पानिसालेस, वय वर्षे एक्केचाळीस. मला माझ्या आईजवळ राहायचं आहे. धन्यवाद. शुभ दुपार."

आणि वाकले.

शेजारच्या चटईवरची माणसं पत्ते धरून बघायला लागली, मग परत खेळायला लागली. मी हलले नाही. मेणबत्त्या अर्ध्या झाल्या. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. मी तशीच उभी होते.

चारची बोट चुकली. पाचच्या बोटीनं आले.